माल सवडीने न्यावा

लिलावकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते इमारतीतल्या लोकांनी चेष्टेनं ठेवलं होतं, आणि त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं लावून घेतलं होतं. विमा कचेरीतली बरी चाललेली नोकरी मुदतीआधी सोडून ते घरबसल्या जुन्या वस्तू ऑनलाइन लिलावात विकायला लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. घराच्या मागच्या खोलीत हा धंदा चाले. त्या खोलीला ते 'पेढी' म्हणत. बायको तिला 'ती खोली' म्हणे, आणि म्हणताना नाक असं मुरडी की पलीकडच्या शेजारणीलाही 'ती'चा अर्थ कळावा.

पेढीत शिरायचं तर अंग चोरून शिरावं लागे. डाव्या हाताला गजराची घड्याळं, उजव्या हाताला कोळशाच्या इस्त्र्या, समोर रिबिनी नसलेली टंकयंत्रं. बुरशी धरलेल्या भिंगांचे कॅमेरे एका खोक्यात, आणि भिंगं काढून घेतलेले दुसऱ्या खोक्यात. एका फळीवर झाकणाविना किटल्या होत्या, तर खालच्या फळीवर किटल्यांविना झाकणं. झाकण किटलीवर बसवून विकलं तर एकच लिलाव होतो आणि वेगळं विकलं तर दोन होतात, हा लिलावकरांचा शोध होता. दोन्ही लिलाव ओस पडतात हा शोध बायकोचा. मधोमध टेबल, टेबलावर फोटोसाठी पांढरी चादर, आणि टेबलामागे चाकांची खुर्ची. हलवायला जागा नसल्यामुळे तिची चाकं नवीकोरी राहिली होती.

सुरुवातीला धंद्याला सोन्याचे दिवस होते. लिलाव संपायची शेवटची काही मिनिटं राहिली की लिलावकर चहाचा कप घेऊन खुर्चीत बसत आणि पडद्याकडे बघत. दोन सुशिक्षित, कमावती, एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एका बंद पडलेल्या घड्याळासाठी एकमेकांच्या उरावर बसलेली पाहण्यात जे सुख असतं, ते त्यांना विमा कचेरीत बढतीच्या दिवशीसुद्धा लाभलं नव्हतं. चहा संपेपर्यंत घड्याळाचा भाव नव्या घड्याळाच्या वर गेलेला असे.

मग एकेक करून जगातल्या सगळ्यांनाच आपापल्या घरात माळे असल्याची आठवण झाली. काल जे विकत घेत होते, ते आज विकायला बसले. लिलावकर 'दुर्मिळ' हा शब्द वापरू लागले तेव्हा साइटवर तो शोधला की त्यांच्या वस्तूंसकट पानभर माल दिसे. आता तोच शब्द शोधला की पानं उलटता उलटता बोट दुखून येई. दुर्मिळ वस्तूंचा असा महापूर आला होता की ज्याच्याकडे साधी म्हणवणारी एखादी वस्तू असेल, त्याला खरोखर चांगला भाव आला असता. लिलावकरांनी 'अतिदुर्मिळ' लिहून पाहिलं. आठवडाभरात सगळे अतिदुर्मिळ लिहू लागले.

साइटवाल्यांचं तर बोलायलाच नको. आधी ते विक्रीवर थोडं कमिशन घेत. मग थोडं जास्त घेऊ लागले. मग वस्तू ठळक दाखवायची असेल तर वेगळे पैसे आले. पैसे न भरणाऱ्याची वस्तू लपवून ठेवण्याची सोय मात्र मोफत होती. वर कुरिअरचा दर. कोळशाची इस्त्री विकून आलेले पैसे आणि ती पाठवायला गेलेले पैसे शेजारी शेजारी मांडले, तर इस्त्रीनं जागचं हलू नये हेच सगळ्यांच्या हिताचं दिसे.

पण लिलावकरांचा खरा राग होता तो गिऱ्हाइकांवर. माणूस म्हणून त्यांच्याकडे बघणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. एकानं आरशाचा फोटो पाहून विचारलं होतं, "फोटोत उभे आहेत ते काका बरोबर येतात का?" एका बाईंनी लोखंडी इस्त्री परत पाठवली होती, कारण लिहिलं होतं, "जड आहे." आणि या सगळ्यांच्या खाली, म्हणजे लिलावकरांच्या लेखी माणुसकीच्या अगदी तळाला, एक जमात होती. ती नमस्कार करत नसे, वस्तूबद्दल विचारत नसे. ती फक्त दोन शब्द लिही : "शेवटचं बोला."

लिलाव चालू आहे, घड्याळ मागं मागं येतंय, बोलीची चौकट डोळ्यांसमोर आहे, आणि हा इसम म्हणतो शेवटचं बोला. हे दोन शब्द दिसले की लिलावकर एक अक्षर न बोलता त्या इसमाला ब्लॉक करीत. पुढंपुढं त्यांचं बोट इतकं सरावलं की 'शे' दिसताच ते बटणाकडे जाई. 'शेजाऱ्यांसाठी भेट म्हणून हवं आहे' असं लिहिणारा एक निष्पाप गृहस्थही त्यात गेला.

या सगळ्या अंधारात एकच दिवा होता. त्याचं नाव 'गुणग्राहक'.

हे अर्थात साइटवरचं नाव. खरा माणूस कोण ते लिलावकरांना ठाऊक नव्हतं. पत्ता एका औषधांच्या दुकानाचा होता. पार्सल तिथं ठेवायचं, तो येऊन घेऊन जाई. गेलं वर्षभर लिलावकरांकडून जे काही विकलं गेलं, ते बहुतेक यानंच घेतलं होतं. कधी घासाघीस नाही, कधी शंका नाही. वस्तू पोचली की पाच तारे, आणि खाली ठरलेला अभिप्राय : "उत्तम. आभारी आहे."

"बघ," लिलावकर बायकोला म्हणत. "उत्तम. आभारी आहे. किती संयम आहे बघ भाषेत. खानदानी माणूस दिसतो."

"किंवा घाईत असेल," बायको म्हणे. ती दातांच्या दवाखान्यात रोग्यांचे नंबर लावायचं काम करी, आणि माणसाचं तोंड उघडायच्या आत त्याला काय होतंय ते ओळखायची तिला सवय होती.

गंमत म्हणजे हे औषधांचं दुकान लिलावकरांच्या सासुरवाडीच्या गावातच होतं. सासूबाई तिथं दोन खोल्यांत एकट्या राहत. इस्पितळात हेडनर्स म्हणून जन्म काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, तरी त्यांच्यासमोर माणूस आपोआप बाही वर करी. फोनवर लिलावकर त्यांना मुद्दाम म्हणाले होते, "आई, तुमच्या गावात एक रसिक माणूस राहतो. कुठं भेटला तर चार शब्द ऐका त्याचे."

"असेल बाई," सासूबाई म्हणाल्या होत्या. "वेड्यांना आमच्या गावात कधी तोटा नव्हता."

लिलावकरांनी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं, की रसिकतेचा आणि तुझ्या माहेरचा काही संबंध असलाच तर तो टपालखात्यापुरता आहे.

---

प्रकरण तापलं ते सासूबाईंनी इकडं राहायला यायचं काढलं तेव्हा.

"आई म्हणते घर लहान पडतंय," बायको म्हणाली.

"एकट्या बाईला दोन खोल्या लहान पडतात?"

"पडतात म्हणते. पाय टाकायला जागा नाही म्हणते."

"मग इथं कुठं टाकणार पाय?"

बायकोनं मागच्या खोलीकडे पाहिलं. लिलावकरांनी आधी तिच्याकडे आणि मग पेढीच्या दाराकडे पाहिलं. ती खोली गेली की ते कोण उरत होते? मुदतीआधी नोकरी सोडलेला, दुपारी घरी असणारा एक गृहस्थ. इमारतीत असे आणखी दोन होते आणि लिलावकर त्यांना ओळख देत नसत.

"तो धंदा आहे," ते म्हणाले. "चालता धंदा आहे."

"चालता?" बायको खुर्ची ओढून बसली. "अहो, वर्षापूर्वी तीन महिने विक्री नव्हती तेव्हा तुम्ही काय केलंत? स्वयंपाकघरात आलात. माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्यात. 'साखर, मध्यम वापरलेली.' 'मोहरी, उत्तम स्थितीत, झाकणाला किंचित पोचा.' मी दवाखान्यातून दमून आले की मला माझ्याच घरात वस्तूंचं वर्णन वाचावं लागतं."

"वर्णन अचूक होतं."

"होतं. ते जास्त लागलं मनाला." तिनं मागच्या खोलीकडे बोट केलं. "ऐका. मी काही दुष्ट नाही. त्या खोलीत दिवसभर दिवे जळतात फोटोंसाठी. या महिन्यात त्या खोलीनं आपल्या विजेच्या बिलापुरतं तरी कमावून दाखवलं, तर खोली तुमची. आईला मी दुसरी सोय बघेन. नाही कमावलं, तर आई येणार आणि तुमचं सामान भंगारात."

चालत्या धंद्यापुढे फक्त विजेच्या बिलाची अट ठेवणं हा लिलावकरांना अपमान वाटला. त्यांनी तो तत्काळ स्वीकारला, कारण याहून कठीण अट पेलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

पुढचे पंधरा-वीस दिवस त्यांनी जंग जंग पछाडलं. घड्याळं पुसली, इस्त्र्या पुसल्या, चादर धुतली. पितळी रंग लावलेला प्लास्टिकचा एक दिवा होता. त्याला उजेडात असा कोन दिला की रंगालाही आपण पितळ असल्याचा भास व्हावा. बोली आली नाही. तीन निरोप आले. तिघांनाही शेवटचं ऐकायचं होतं. तिघंही ब्लॉक झाले.

शेवटी लिलावकरांनी पेढीच्या इतिहासात न झालेली गोष्ट केली. सगळा माल एकत्र करून एकच लिलाव लावला. 'संपूर्ण संग्रह, एकाच बोलीत.' सुरुवातीची बोली अशी ठेवली की कमिशन कापून वीजबिल निघावं आणि वर चहापुरतं उरावं. पण एवढा डोंगर कुरिअरनं कोण नेणार, ही अडचण राहिली. तिच्यावर त्यांनी धूर्त तोड काढली. वर्णनाच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं : 'माल सवडीने न्यावा. तोवर आमच्या जागेत सुरक्षित राहील. कोणतेही भाडे नाही.' म्हणजे पैसे येतील आणि माल हलणारही नाही. या वाक्यावर ते इतके खूश झाले की त्यांनी ते दोनदा लिहिलं.

मग त्यांनी गुणग्राहकाला खासगी निरोप धाडला. विमा कचेरीत असताना ते नकाराची पत्रं लिहीत, त्यामुळे त्यांची भाषा बांधीव होती. पण या खेपेला बांध फुटला.

'आदरणीय महोदय,' त्यांनी लिहिलं. 'आपल्यासारखा जाणता माणूस मला दुसरा भेटला नाही. आज एक विनंती करतो. हा संग्रह आपण घेतला नाही तर ही खोली माझ्या सासूबाईंच्या घशात जाईल. बाई हेडनर्स होत्या. त्यांनी आयुष्यभर लोकांना सुया टोचल्या आणि ती सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. त्यांना पितळ आणि प्लास्टिक यांतला फरक कळत नाही. फोनचा उजेड कमी कसा करायचा तेही कळत नाही. ज्या खोलीत या वस्तूंनी श्वास घेतला, तिथं ही बाई पाय पसरून घोरणार, हा विचार सहन होत नाही.'

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं : 'समजले. बघते.'

घाईत एक काना राहून गेला असेल, असं लिलावकरांना वाटलं. मोठ्या माणसांचं शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष होतंच.

संध्याकाळी लिलाव संपायच्या वेळेला ते चहा घेऊन बसले. पडद्यावर सेकंद ओघळत होते. कुणी कुणाच्या उरावर बसत नव्हतं. चहावर साय धरली. आणि अगदी शेवटी, टेबलावरचं एक गजराचं घड्याळ कारण नसताना वाजायला लागलं त्याच वेळी, बोली पडली. एकच. सुरुवातीच्याच रकमेला. गुणग्राहक.

लिलावकर बाहेर आले तेव्हा बायको भाजी निवडत होती. त्यांनी फोन तिच्यापुढे ठेवला. तिनं कमिशन वजा केलं, बिल आठवलं, ओठ हलवत बेरीज केली.

"निघालं," ती म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द. खोली तुमची."

"मी म्हणालो होतो ना, जगात अजून गुणाची पारख आहे."

"एका माणसाला आहे."

"एक पुरतो," लिलावकर म्हणाले.

---

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी इमारतीपुढे एक टेम्पो उभा राहिला. त्यात एक लोखंडी पलंग, एक गादी, एक ट्रंक होती, आणि उरलेल्या सगळ्या जागेत लहानमोठी खोकी रचलेली होती. चालकाच्या शेजारून सासूबाई उतरल्या. हातात पर्स, डोळ्यांवर चष्मा, आणि चेहऱ्यावर राउंडला निघाल्याचा भाव.

लिलावकर जिन्यात आडवे आले. "आई, असं अचानक? हिनं सांगितलं नाही का तुम्हाला? खोली माझीच राहिली आहे."

"सांगितलं की. अभिनंदन." सासूबाई एक पायरी चढल्या. "खोली तुमचीच आहे, जावईबापू. मी माझा माल न्यायला आले."

"कसला माल?"

सासूबाईंनी पर्समधून फोन काढला. उजेड कमी केला, मग नीट दिसावं म्हणून पुन्हा वाढवला, आणि पडदा त्यांच्यापुढे धरला. वर कोपऱ्यात नाव होतं : गुणग्राहक. खाली पाच-पाच तारे ओळीनं लागले होते.

लिलावकरांनी फोन जवळ ओढून नाव पुन्हा वाचलं.

"तुम्ही," लिलावकर म्हणाले.

"मी." सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "लेक फोनवर रडकुंडीला आलेली. म्हणे जावई मोहरीच्या डब्याचं वर्णन लिहितात. म्हटलं, माणूस रिकामा ठेवला की असंच होतं, वॉर्डातही व्हायचं. काहीतरी गुंतवून ठेवायला हवं. औषधवाल्याच्या मुलीनं खातं उघडून दिलं, नावही तिनंच ठेवलं. मी आपली महिन्याला दोन-तीन वस्तू घेत गेले. घर भरलं. पाय टाकायला जागा राहिली नाही. आता ज्यांच्यामुळे राहिली नाही, त्यांच्याकडेच यायला हवं की नको?"

बायको वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, पण असायला हवं त्याहून कमी होतं.

टेम्पोवाला खोकी वर आणू लागला. लिलावकरांनी एक हातात घेतलं. त्यांनीच गुंडाळलेलं, त्यांचीच चिकटपट्टी, कोपऱ्यावर दुहेरी मारलेली. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. चिकटपट्टी कुठंच फाटलेली नव्हती.

"तुम्ही ही उघडलीच नाहीत?"

"नाही."

"एकही?"

"उघडली असती तर तारे कमी द्यावे लागले असते." सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि पितळ आणि प्लास्टिक यांतला फरक मला कळत नाही, असं तुम्ही लिहिलंच होतं. मग उघडून करायचं काय?"

लिलावकर कायद्यावर आले. "हे बघा, संग्रह तुमचा. पैसे पोचले. माल उचला आणि न्या. खोलीची अट मी जिंकलो आहे."

"जिंकलात. कोण नाही म्हणतंय?" सासूबाईंनी फोन पुन्हा वर धरला आणि ओपीडीतला कागद वाचावा तसं वाचलं, "माल सवडीने न्यावा. तोवर आमच्या जागेत सुरक्षित राहील. कोणतेही भाडे नाही." मग बोटानं पडदा खाली सरकवला. "माल सवडीने न्यावा. तोवर... हे परत का लिहिलंय?"

लिलावकर हातातलं खोकं खाली ठेवू लागले.

"मला सवड नाही," सासूबाई म्हणाल्या. "माल राहू दे. मी मालाजवळ राहते. माणसं हल्ली चोरी करतात. आणि घोरण्याचं म्हणाल तर मी उजव्या कुशीवर झोपते, त्रास होणार नाही तुमच्या वस्तूंना. माझ्या वस्तूंना."

बायकोनं दार पूर्ण उघडलं.

दुपारपर्यंत पलंग पेढीत लागला. त्यासाठी टंकयंत्रं इस्त्र्यांवर आणि इस्त्र्या घड्याळांवर चढल्या. सासूबाई चाकांच्या खुर्चीत बसल्या, आणि वर्षानुवर्षं न हललेली ती चाकं त्यांच्या वजनानं विनातक्रार फिरली. लिलावकरांना स्टुलावर बसावं लागलं. चार वाजता चहा आला तो खुर्चीकडे आधी गेला.

ते बराच वेळ खोक्यांच्या ढिगाकडे बघत राहिले. अपमान गिळून झाला, राग झाला, आणि मग, इतक्या वर्षांची सवय काही जात नाही, त्यांचे डोळे बारीक झाले. न उघडलेली खोकी. मूळ वेष्टन. एकाच घरात, एकाच माणसाकडे राहिलेला माल. हे असं कुणाकडे होतं? साइटवर शोधलं तर पानभरसुद्धा निघालं नसतं.

"आई," ते घसा खाकरून म्हणाले, "हा माल तुम्हाला ठेवायचाच आहे का?"

"छे. पलंगाखालून काहीतरी टोचतंय."

"विकायला हवा मग. मी लिहितो नीट." त्यांनी फोन काढला आणि मोठ्यानं म्हणत लिहू लागले, "एका जाणत्या गुणग्राहकाच्या खासगी संग्रहातून. मूळ वेष्टनात. कधीही न उघडलेला..."

"खरं आहे ते," सासूबाई म्हणाल्या.

"दुर्मिळ."

"तेही असेल. एवढं कुणी घेतलं नसेल."

"माल तुमचा, मेहनत पेढीची. रिवाजाप्रमाणे विक्रीतला निम्मा हिस्सा पेढीचा." लिलावकर ताठ बसले. स्टुलावर जेवढं बसता येतं तेवढं. "आमचा दर ठरलेला असतो."

सासूबाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप टंकयंत्रावर ठेवला, खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"ते राहू दे, जावईबापू," त्या म्हणाल्या. "शेवटचं बोला."

लिलावकरांचं बोट सवयीनं उचललं गेलं. बटण शोधत ते थोडा वेळ तसंच हवेत राहिलं, आणि मग खाली आलं.